कोण गेलं?

लोणखेड्यात मोहाचं झाड शोधावं लागतं. इथे केळी, ऊस, पपई आणि त्यांच्यामधून भन्नाट जाणाऱ्या कॉलेजच्या मुलांच्या मोटारसायकली. पण मार्च सरत आला की डोंगरातून आलेल्या एखाद्या बाईच्या गाठोड्यातून तो वास बाजारात येतोच. मग मी हातातली भेंडी तिथेच टाकून त्याच्या मागे जाते. गोड, जड, किंचित आंबूस वास. माझ्या सोबतच्या प्राध्यापक बाईंचं त्याने डोकं धरतं. मला मात्र भूक लागते, आणि ईस्टर आला असं वाटतं.

माझं माहेर नवापूर तालुक्यातलं, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या टेकड्यांमधलं. आमचा पाडा निम्मा ख्रिस्ती, निम्मा हिंदू, आणि शेतात राबायला, मोहाची फुलं वेचायला सगळा एक. होळीचा ढोल कोपऱ्यात परत जातो न जातो तोच आमचा पवित्र आठवडा येतो. झावळ्यांच्या रविवारी आम्ही शिंदीच्या फांद्या हलवत निघतो. येरुशलेममध्ये कसल्या फांद्या होत्या देव जाणे, आमच्या नाल्याला शिंदी आहे म्हणून शिंदी. शुभ शुक्रवारी दुपारभर देऊळ, म्हणजे आमचं चर्च, उकडत असतं आणि लहान मुलं आयांच्या मांडीवर झोपलेली असतात. शनिवारी सगळे कब्रस्थानात. थडग्यांवरचं गवत काढायचं, माती सारखी करायची, शेणाने सारवायची, कडेने चुन्याची रेघ ओढायची. उद्या पाहुणे यायचेत अशी ती लगबग असते. बायका एकीकडे थडगं सारवतात आणि एकीकडे त्यात झोपलेल्या सासूच्या कागाळ्या सांगतात.

यंदा ईस्टरच्या आधी माझ्या घरमालकीण मावशी अंगणात गहू निवडत बसल्या होत्या. मी बॅग भरतेय हे त्यांनी पाहिलं.

"बेटा, रविवारले तुमना सन शे ना?"

"हो मावशी."

"एक इचारू का? मरेल माणूस उठस का कधी? तू शिकेल-सवरेल शे, माले समजाडी सांग."

मी समजावून सांगायला बसले. पाप, क्षमा, मरणावरचा जय, रविवारच्या प्रवचनात असतं ते सगळं मी सांगितलं. मावशींनी सूप बाजूला ठेवून ऐकलं, मान डोलावली, "बरं शे" म्हणाल्या आणि सूप घेऊन पुन्हा गव्हाकडे वळल्या. मला माझाच राग आला. मी वनस्पतीशास्त्र शिकवते, वर्गात एखादी गोष्ट मुलांच्या डोक्यावरून गेली की मला लगेच कळतं. त्या दिवशी मावशींच्याच काय, माझ्याही डोक्यावरून गेली होती. खरं तर मी त्यांना मार्थाफुईची गोष्ट सांगायला हवी होती. पण ती सांगायला लागले असते तर एका दारापाशी येऊन अडले असते. यंदा त्या दारावर मलाच थाप मारायची होती आणि ते मला जमेल की नाही याची मला खात्री नव्हती.

मार्थाफुई माझ्या वडिलांची थोरली बहीण. उंच, काळी, हाडापेराने रुंद, आणि आवाज असा की नाल्यापलीकडच्या शेतातला माणूस विडी विझवून उभा राहायचा. ईस्टरच्या पहाटेची हाक तिची होती. आमच्या पाड्याची रीत अशी की ती हाक बाईनेच द्यायची, कारण त्या पहिल्या पहाटे कबरीवर बायकाच गेल्या होत्या. पुरुष तेव्हा दारं लावून घरात बसले होते, हे फुई दरवर्षी न चुकता सांगायची. पाड्याच्या वरच्या टोकाला कालूदादाचं घर, खालच्या टोकाला नाल्याशी फुईचं. फुई अंधारातच वर चढायची आणि मग गल्लीने खाली उतरत दर दारासमोर उभी राहून ओरडायची, "प्रभू उठला आहे!" आतून उत्तर यायचं, "खरोखर उठला आहे!" हे उत्तर अंथरुणातून, गोधडीतून, कधी नुसतंच जांभईतून यायचं. उत्तर दिलं की कर्तव्य संपलं, कूस बदलायची. उजाडताना कब्रस्थानात जाऊन उभी राहायची ती फुई, पाळक आणि चार म्हातारी माणसं. बाकी पाडा ऊन चढल्यावर नवे कपडे घालून थेट देवळात, आणि त्यातही अर्धं लक्ष कोंबडीच्या रश्शाकडे.

यात दोन वल्ली होत्या. एक कालूदादा. तो ख्रिस्ती नाही, त्याचं घर देवमोगरा मातेला मानणारं. पण फुईने हाक देताना त्याचं दार कधी वगळलं नाही आणि त्याने उत्तर कधी चुकवलं नाही. "प्रभू उठला आहे!" म्हटलं की आतून खणखणीत आवाज यायचा, "बरं झालं!" दुसरे माझे फुवा, फुईचे यजमान. बायको उभ्या पाड्याला जागं करून यायची आणि हे आपल्याच घरात घोरत असायचे. फुवांकडून आयुष्यात कधी "खरोखर" ऐकायला मिळालं नाही असं फुई म्हणायची, आणि फुवा म्हणायचे, "तू ओरडलीस ना? मग मी कशाला?"

मग फुईच्या गळ्याला गाठ आली. सुरतेला ऑपरेशन झालं. गाठ गेली, जीव वाचला, पण आवाज परत आला नाही. उरली ती नुसती कुजबुज, तीसुद्धा अगदी जवळ कान नेला तर ऐकू येणारी. लोकही असे वेडे की आवाज तिचा गेला आणि मोठ्याने बोलायला लागले हे, जणू ती बहिरी झाली होती. नंतर नंतर तिच्याशी कोणी बोलेना. तिच्या ओट्यावर बसून तिच्या डोक्यावरून फुवांशी बोलायचे. ज्या बाईने भर सभेत पंचांना गप्प केलं होतं ती भिंतीला टेकून लसूण सोलत बसायला लागली. शेजारी कोणी गेलं-आलं तरी मान वर करायची नाही. एकदा तिने मला जवळ ओढून कानात सांगितलं, "मला पुरायचंच तेवढं राहिलंय." मी कॉलेजात शिकत होते, सुट्टीला आले होते. मी तिच्या शेजारी बसून लसूण सोलायला लागले.

त्या वर्षी पाळकांनी हाकेचं काम माझ्यावर टाकलं. तुझ्या घराण्यातच राहील, असं म्हणाले. ते फुईला सांगायला मीच गेले. तिने ऐकलं, उठली, खुंटीवरचं निळ्या काठाचं पांढरं लुगडं काढलं आणि घडी मोडून दोरीवर टाकलं. दर ईस्टरला ती तेच नेसायची.

"तू पण ये," मी म्हणाले. "मी ओरडते, तू बरोबर चल."

ती नुसती हसली, आणि त्या हसण्यात काहीतरी शिजतंय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आता इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्या पाड्यात पहाटे कोणी रस्त्यावरून ओरडलं तर घाबरायचं काही नसतं. म्हैस सुटलेली असते, किंवा मोहावर जायला कोणी सोबत बोलावत असतं. पण मरणाची बातमी कधी ओरडून सांगत नाहीत. ती दारापर्यंत चालत न्यायची. कडी वाजवायची नाही, तळहाताने हलकी थाप मारायची, दार उघडेपर्यंत थांबायचं आणि जवळ जाऊन हळू आवाजात सांगायचं. त्यामुळे अंधारात दारावर हलकी थाप पडली की आतला माणूस दुसरं काहीच विचारत नाही. एकच प्रश्न विचारतो, "कोण गेलं?" हा प्रश्न आम्ही आमच्या बोलीत विचारतो, इथे मराठीत लिहिते आहे. मराठी आमची शाळेची आणि देवळाची भाषा. "खरोखर उठला आहे" मराठीत, आणि "कोण गेलं?" मात्र घरच्या बोलीत.

त्या पहाटे आम्ही दोघी वर चढलो. वाटेत मोहाखाली फुलं टपटप पडत होती. कालूदादाच्या दारासमोर मी छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं, तोच फुईने माझ्या तोंडावर हात ठेवला. तिच्या हाताला लसणाचा वास होता. दुसऱ्या हाताने तिने दारावर हलकी थाप मारली.

आत काहीतरी पडलं. बल्ब लागला. दार उघडलं तेव्हा कालूदादाचा चेहरा बघवत नव्हता. त्याचा धाकटा भाऊ तेव्हा व्याऱ्याच्या दवाखान्यात होता.

"कोण गेलं?"

फुई पुढे झाली. ती काय सांगते ते त्याला ऐकू येईना. तो वाकला, त्याने कान तिच्या तोंडाशी नेला. मीही जवळ होते म्हणून मला ऐकू आलं.

"कोणी नाही गेलं. प्रभू उठला आहे."

कालूदादा उंबऱ्यावर मटकन बसला. आधी हसला, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसला. "मार्था, जीव घेतलास की माझा!" दरवर्षीचं "बरं झालं" त्याने त्या दिवशी म्हटलं नाही. तो आत गेला आणि होळीचा ढोल गळ्यात अडकवून बाहेर आला. फुईने त्याला बोटानेच दटावलं, अजून वाजवायचा नाही. त्यालाही ते लगेच पटलं, कारण पुढच्या घरातल्यांचा चेहरा कसा होतो ते त्याला बघायचं होतं.

मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. फुई थाप मारायची, आतून घाबरा प्रश्न यायचा, दार उघडायचं, कान जवळ यायचा, आणि माणसाचा चेहरा उजळायचा. ते माणूस पायात चप्पल सरकवून आमच्या मागे निघायचं, पुढच्या दाराची गंमत बघायला. माझ्या आईने तर दार उघडायच्या आधीच रडायला सुरुवात केली होती, कारण तिची आई थकलेली होती. बातमी कळल्यावर तिने फुईच्या दंडावर दोन चापट्या मारल्या आणि मग तिच्याच गळ्यात पडली. नेहमी गोधडीतून उत्तर देणारा एकही माणूस त्या दिवशी गोधडीत राहिला नाही. भिंतीतून ऐकू जाईल असा आवाजच नव्हता, मग आतून उत्तर येणार कसं? यावंच लागलं, दार उघडावंच लागलं, त्या बाईच्या तोंडाशी कान न्यावाच लागला. कितीतरी महिन्यांत फुईच्या इतक्या जवळ कोणी आलं नव्हतं.

रिबकाकाकूचं दार आलं तसं सगळे आपोआप मागे थांबले. पावसाळ्यात तिचा तरणा मुलगा गेला होता. फुई एकटी पुढे झाली. मला वाटलं, हे दार आता ती सोडेल. तिने थाप मारली, बाकीच्या दारांवर मारली तशीच.

काकू दारात आली. तिने विचारलं, "आता कोण राहिलंय जायचं?"

फुई तिच्या कानाशी झुकली. तिथे तिने काय सांगितलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. पण तिच्याजवळ वेगळे शब्द नव्हते, हे मला माहीत आहे. तिने तेच सांगितलं असणार. काकू मग आत गेली, डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली आणि फुईचा हात धरून चालायला लागली. आमच्या मागे कोणी हसत नव्हतं, पण कोणी रडतही नव्हतं.

मी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत, पण ईस्टर मला त्या गल्लीत कळला. त्या बायका कबरीकडे काय गाणी म्हणत गेल्या होत्या? त्या सुगंधी द्रव्यं घेऊन मढ्याकडे निघाल्या होत्या. मरणाच्या बातमीसाठी मन घट्ट करून गेल्या आणि तिथे त्यांच्या कानात भलतंच सांगितलं गेलं. ती बातमी मोठ्या आवाजात आली असती तर त्यांनीही अंथरुणातूनच उत्तर दिलं असतं. आम्ही कितीतरी वर्षं जय जय ओरडत होतो, पण कशावर जय ते विसरलो होतो. आधी कोण गेलं, हा प्रश्न खरा असावा लागतो. मग मिळणारं उत्तर माणसाला उंबऱ्यावर बसवतं, हसवतं आणि चपला घालायला लावतं. ही बातमी घेऊन आलेल्या बायकांवर पुरुषांनी विश्वास ठेवला नव्हता, म्हणाले, काहीतरी बरळतात. आमच्या पाड्यात त्या दिवशी आवाज नसलेल्या बाईवर सगळ्यांनी विश्वास ठेवला, आणि मला त्याचा आजही अभिमान वाटतो.

शेवटचं दार फुईचं स्वतःचं. पाडाच्या पाडा दारासमोर उभा, आणि आत फुवा घोरत होते. फुईने थाप मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. कालूदादाला आता राहवेना. त्याने ढोलावर असा दणका दिला की फुवा लुंगी सावरत बाहेर आले आणि समोर सगळा गाव बघून त्यांची बोबडी वळली. तिथून ढोल जो सुरू झाला तो थांबला नाही. कब्रस्थानाच्या टेकडीवर आम्ही पोचलो तेव्हा सूर्य वर येत होता, चुन्याच्या रेघा लख्ख दिसत होत्या, आणि सारवलेल्या थडग्यांच्या मधल्या वाटेवर बायका हात धरून नाचत होत्या. रिबकाकाकू नाचली नाही, ती मुलाच्या थडग्याशी बसून गात होती. मधोमध निळ्या काठाचं लुगडं. फुईचा आवाज कोणाला येत नव्हता, पण ती गात होती हे सगळ्यांना दिसत होतं.

फुईचा आवाज कधीच परत आला नाही, पण हाक तिच्याकडे परत आली. त्यानंतर दर ईस्टरला तीच थाप मारायची. अर्थात दुसऱ्या वर्षापासून कोणी घाबरेना. मुलं तर जागीच राहायची आणि थाप पडायच्या आधीच आतून खिदळत विचारायची, "कोण गेलं?" आता हा प्रश्न आमच्या ईस्टरचाच झाला आहे. बाहेरून आलेल्या पाळकांना पहिल्या वर्षी धक्का बसतो. मग त्यांनाही सवय होते. फुवांना मात्र दरवर्षी ढोलच उठवायचा.

गेल्या पावसाळ्यात, भाताची लावणी संपता संपता, मार्थाफुई गेली. तिची बातमी घेऊन दारोदार मीच फिरले. हलकी थाप मारली, जवळ गेले, हळू आवाजात सांगितलं. त्या दिवशीही सगळ्यांनी तेच विचारलं होतं. मी उत्तर दिलं होतं.

आणि म्हणून यंदा हाक माझ्याकडे आली होती. वरच्या टोकापासून खाली येईन, थाप मारीन, हसत हसत सांगीनही. पण शेवटचं दार? तिथून फुवा विचारणार, आणि तिथे तो प्रश्न गंमतीचा राहिलेला नाही. त्या दारात उभं राहून मी कोणत्या तोंडाने सांगू की कोणी नाही गेलं? शनिवारी मी स्वतः तिचं थडगं सारवलं होतं. माती अजून नीट बसली नव्हती.

पहाटे निघाले. मी फुईचं निळ्या काठाचं लुगडं नेसले होते. कालूदादा आता फार वाकला आहे, पण ढोल त्याच्याच गळ्यात होता. दारं उघडत गेली, माणसं हसत मागे येत गेली. रिबकाकाकूने दार उघडलं ती तयार होऊनच, आणि माझा हात धरला. जसजसा नाला जवळ आला तसतसं हसणं कमी होत गेलं. फुईच्या ओट्यापाशी आलो.

मी थाप मारली. घोरणं ऐकू आलं नाही.

"कोण गेलं?" आतून फुवांचा आवाज आला. अगदी जागा आवाज.

दार उघडलं. फुवा आंघोळ करून, पांढरा सदरा घालून, केसांना तेल लावून उभे होते. ते माझ्याकडे बघत राहिले, बहुधा लुगड्याकडे. मागे सगळा पाडा उभा होता आणि मी नुसतीच उभी होते.

फुवा वाकले. त्यांनी कान माझ्या तोंडाशी आणला. "सांग ना," ते म्हणाले. "ती सांगायची तेच सांग. मी एवढी वर्षं झोपलो होतो, मला ते एकदाही ऐकायला मिळालं नाही."

तेव्हा मला कळलं की हे उत्तर माझं नव्हतंच. फुईचंही नव्हतं. आम्ही फक्त ते दारापर्यंत नेत होतो. मी सांगितलं. आवाज निघाला नाही, तिच्यासारखी कुजबुजच निघाली.

"कोणी नाही गेलं, फुवा. प्रभू उठला आहे."

फुवांनी डोळे मिटले. मग ते ताठ झाले, माझ्या डोक्यावरून टेकडीकडे, कब्रस्थानाकडे त्यांनी पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा, नाल्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "खरोखर उठला आहे!"

"बरं झालं!" कालूदादा म्हणाला आणि त्याने ढोलावर टिपरू मारलं. मी सोमवारी परत आल्यावर मावशींना हेच सगळं सांगितलं, गव्हाचं सूप मांडीवर घेऊन. त्यांनी एकच विचारलं, मग फुवाने काय केलं? मी म्हटलं, मावशी, दर ईस्टरला सगळ्यांच्या शेवटी उठणारा तो माणूस ओट्यावरून खाली उतरला, आणि सगळ्या पाड्याच्या पुढे चालायला लागला.